कॅमेऱ्याची मूळ ठेवण

घरांतील यंत्रांपैकीं ज्याच्यावर सर्वांचा सारखा हक्क असतो, परंतु ज्याची जबाबदारी मात्र कोणाचीच नसते, असें यंत्र म्हणजे कॅमेरा होय. शिवणयंत्र एखाद्या काकूंचें असतें; मिक्सरला कोणीं हात लावावा हें स्वयंपाकघरांत ठरून गेलेलें असतें; कॅमेरा मात्र मुंजीच्या दिवशीं थोरल्या काकांच्या गळ्यांत, गणपतीच्या दिवसांत पुतण्याच्या हातांत, आणि दिवाळीच्या पहाटे घरांतील सर्वांत धाकट्या मुलाच्या ताब्यांत असतो. दहा हातांतून फिरून आल्यावर एके दिवशीं कोणी तो उघडतो, तों चित्रें निळसर येऊं लागलेलीं, किंवा काळवंडलेलीं, किंवा खसखस पेरल्यासारखीं ठिपक्याठिपक्यांचीं! "कॅमेरा बिघडला," असा निकाल तत्काळ होतो. मागोमाग "याला शेवटचा हात कोणीं लावला?" ही चौकशी सुरू होते, व ती बहुधा घरांतल्या लहान मुलापाशीं किंवा नव्यानें आलेल्या सुनेपाशीं येऊन थांबते. पुढें कॅमेरा कपाटांत कुलुपाआड जातो, आणि किल्ली ज्यांच्या कनवटीला असते तेवढेच काय ते यापुढें घरांत चित्रें काढूं शकतात.

या महिन्यांत आम्हांस वाचकांस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, अशा वेळीं कॅमेरा बहुधा बिघडलेला नसतो. त्याची ठेवण, म्हणजे ज्यास आपण रोजच्या बोलण्यांत सेटिंग म्हणतों, ती बदललेली असते. यंत्र कारखान्यांतून बाहेर पडलें त्या दिवशीं ती जशी होती तशी पुन्हां करतां येते. त्यास दोन-चार मिनिटांहून अधिक वेळ लागत नाहीं, कारागिराकडे जावें लागत नाहीं, व एक पैचाहि खर्च होत नाहीं. मात्र हा उपाय करूं जाणारानें एक भेद मनांत पक्का धरिला पाहिजे. बदललेली ठेवण केव्हांहि परत आणतां येते. पुसलेलें चित्र परत येईलच अशी शाश्वति कोणी देऊं शकत नाहीं. या दोन गोष्टींची गल्लत झाली, तर उपाय रोगाहून भयंकर ठरतो. हा भेद ज्या घरांत सर्वांस ठाऊक आहे, त्या घरांत कॅमेऱ्यास कुलूप लावण्याचें कांहींएक कारण उरत नाहीं.

आतां ही ठेवण आमच्या नकळत बदलते तरी कशी? जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यांत असा प्रश्न फारसा येत नसे, कारण त्या यंत्राचें मन त्याच्या अंगावर लिहिलेलें असे. भिंगाभोंवतालच्या कड्यावर व माथ्यावरील चकतीवर आंकडे कोरलेले असत. कोणीं कडें फिरविलें तर दुसऱ्यास तें डोळ्यांनीं दिसे. डिजिटल कॅमेऱ्याची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेंतील ईस्टमन कोडॅक कंपनींत स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनियरानें १९७५ सालीं असा पहिला कॅमेरा जुळविला, तेव्हां त्याचें वजन सुमारें साडेतीन किलो भरलें. त्यांतील चित्र अवघ्या दहा हजार ठिपक्यांचें असून तें कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत. आज खिशांत मावणाऱ्या कॅमेऱ्याचेंहि चित्र एक कोटीहून अधिक ठिपक्यांचें असतें, आणि मोठ्या कॅमेऱ्याच्या मेनूंत बदलतां येण्याजोग्या नोंदी शंभराहून अधिक भरतात. या नोंदी यंत्राच्या पोटांत, बॅटरी काढली तरी न पुसणाऱ्या स्मृतींत राहतात. अंगावर त्यांची खूण बहुधा नसते. म्हणून पुतण्यानें गणपतीच्या रात्रीं विजेच्या माळांसाठीं केलेला बदल चार महिन्यांनीं संक्रांतीच्या उन्हांत काकांच्या वाट्यास येतो, व त्याचें मूळ कोणालाच उमगत नाहीं.

लक्षणांवरून कारण ओळखतां येतें, म्हणून नेहमीं आढळणारीं चार लक्षणें येथें देतों. दिवसाउजेडीं काढलेलीं सगळींच चित्रें निळीं येत असल्यास व्हाइट बॅलन्स ही नोंद पिवळ्या विजेच्या दिव्यावर ठेवलेली आहे असें समजावें. पिवळ्या दिव्याचा प्रकाश सुमारें ३२०० केल्व्हिनचा, तर मध्यान्हींच्या उन्हाचा सुमारें ५५०० केल्व्हिनचा धरितात. पहिल्यासाठीं केलेली पिवळेपणाची वजाबाकी दुसऱ्यास लागू झाली कीं चित्र निळें पडणारच. सर्वच चित्रें काळपट किंवा भगभगीत येत असतील, तर अधिक-उणें चिन्ह असलेल्या कळेनें प्रकाशाचें माप कोणी तरी खालीं किंवा वर सरकवून ठेविलें आहे. चित्रांत बारीक खसखस दिसत असेल, तर आयएसओ हा आंकडा ३२०० किंवा ६४०० अशा अंधारांतल्या मापावर राहून गेला आहे. आणि पडद्यावर उत्तम दिसणारें चित्र मोठें छापतांच फाटल्यासारखें दिसत असेल, तर जागा वांचावी म्हणून कोणीं चित्राचा आकार सर्वांत लहान केला आहे. यांतलें शेवटचें लक्षण सर्वांत घातकी, कारण तें समजतें तोंवर लग्न होऊन गेलेलें असतें, व लहान आकारांत काढलेलें चित्र मागाहून कोणत्याहि उपायानें मोठें होत नाहीं.

या चारहि दुखण्यांवर मूळ ठेवण परत आणणें हा रामबाण उपाय आहे. परंतु सर्वच दुखण्यांवर नाहीं, हेंहि लागलीच सांगितलें पाहिजे. कॅमेऱ्यावरील ज्या गोष्टी बोटानें सरकतात किंवा फिरतात, त्यांस मेनूंतला कोणताहि हुकूम लागू पडत नाहीं. भिंगाच्या अंगावर नेम आपोआप कीं हातानें हें ठरविणारी लहान खिट्टी असते. ती हाताच्या बाजूस सरकली असेल, तर शंभर वेळां मूळ ठेवण आणूनहि चित्र अस्पष्टच येणार. पाहण्याच्या खिडकीपाशीं एक इवलेंसें चाक असतें, तें पाहणाराच्या नजरेप्रमाणें फिरवावयाचें असतें. आजोबांनीं चष्मा काढून तें आपल्या डोळ्यास जुळवून घेतलें, कीं नातवास खिडकींतून सारें जग धूसर दिसूं लागतें; चित्र मात्र स्वच्छ येतें. यांत बिघाड कोणाचाच नाहीं, नजरा दोन आहेत एवढेंच. मेमरी कार्डाच्या कडेलाहि एक बारीक पट्टी असते. ती खालीं सरकली कीं कार्डास कुलूप लागतें व कॅमेरा चित्र घेण्याचें नाकारतो. या तीन जागा आधीं पाहाव्या, मग मेनूकडे वळावें.

चौथी जागा भिंगाच्या आंत असते, व ती आमच्या कोंकणपट्टींतील आणि मुंबईंतील वाचकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. पावसाळ्यांतील दमट हवेंत बंद कपाटांत किंवा कातडी पिशवींत पडून राहिलेल्या भिंगावर बुरशी धरते. उजेडापुढें धरून पाहिल्यास ती कोळ्याच्या जाळ्यासारखी किंवा पांढुरक्या धाग्यांसारखी दिसते. तिच्यावर मेनूंत औषध नाहीं. तें काम जाणत्या कारागिराचेंच. वापरांत असलेला, हवा व उजेड लागणारा कॅमेरा या दुखण्यापासून पुष्कळ वांचतो. बिघडूं नये म्हणून जो कुलपांत ठेविला, तोच खरोखर बिघडतो, हें आमच्या कुलूप-किल्लीवाल्या वडीलधाऱ्यांस नम्रपणें सुचवावेंसें वाटतें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. प्रत्येक कंपनीची रीत थोडीथोडी वेगळी आहे. निकॉनच्या कित्येक कॅमेऱ्यांवर दोन कळांपाशीं एकेक हिरवा ठिपका असतो. त्या दोन्ही कळा एकदम दोन सेकंदांहून थोडा अधिक वेळ दाबून धरिल्या, कीं माथ्यावरची आंकड्यांची पाटी क्षणभर विझते व पुन्हां उजळते; तेवढ्यांत चित्र काढण्याच्या नेहमींच्या ठेवणी मूळ पदावर आलेल्या असतात. मेनूंत खोलवर असलेल्या ज्या खास नोंदी, त्या मात्र या युक्तीनें बदलत नाहींत. त्यांच्यासाठीं मेनूंतच निराळी सोय असते. कॅननच्या मोठ्या कॅमेऱ्यांत पान्याच्या चित्राखालील यादींत 'क्लिअर ऑल कॅमेरा सेटिंग्ज' अशा अर्थाची ओळ असते, व खास नोंदींसाठीं त्याहून वेगळी ओळ असते. पुष्कळदां ही ओळ दिसतच नाहीं, अशी तक्रार होते. कारण माथ्यावरील चकती पूर्ण स्वयंचलित खुणेवर असतांना कित्येक कॅमेरे मेनूचा बराचसा भाग झांकून ठेवितात. चकती 'पी' या अक्षरावर आणली कीं ती ओळ प्रकट होते. फुजीफिल्मच्या कॅमेऱ्यांत चित्र काढण्याची ठेवण व यंत्राची सामान्य ठेवण अशा दोहोंसाठीं दोन निरनिराळे 'रीसेट' आहेत. सोनीच्या कॅमेऱ्यांतहि दोन पायऱ्या असतात: पहिली केवळ चित्र काढण्याच्या नोंदींपुरती, आणि 'इनिशियलाइज' ही दुसरी सर्वच नोंदींसाठीं. लहानाचा उपाय आधीं, मोठ्याचा मागाहून, हा वैद्यकांतला नियम येथेंहि पाळावा.

येथेंच एक धोक्याची खूण दाखवून ठेवितों. ज्या निकॉन कॅमेऱ्यांवर हिरव्या ठिपक्यांची जोडी असते, त्यांपैकीं कित्येकांवर तांबड्या खुणेची दुसरीहि एक जोडी असते. ती जोडी दाबून धरिली कीं पाटीवर 'फॉर' हीं अक्षरें लुकलुकूं लागतात, आणि तीच जोडी पुन्हां दाबतांच कार्ड फॉर्मॅट होतें, म्हणजे त्यावरील चित्रांची यादी पुसून कार्ड कोरें केलें जातें. हिरवी जोडी ठेवण परत आणिते. तांबडी जोडी चित्रें घालविते. नुसतें 'दोन कळा एकदम दाबा' असें दुसऱ्या गांवाहून फोनवर सांगणें किती धोक्याचें आहे, हें यावरून कळून येईल. सांगणारानें रंग सांगावा, आणि ऐकणारानें तो पाहून घ्यावा.

मूळ ठेवण आणल्यानें कार्डावरील चित्रें सामान्यतः जात नाहींत, हें खरें. तरीहि आमचा आग्रह असा आहे कीं, मेनूला हात लावण्यापूर्वीं कार्ड काढून चित्रांची नक्कल एका जागीं नव्हे, दोन जागीं करून ठेवावी. कारण 'रीसेट' व 'फॉर्मॅट' या दोन ओळी पुष्कळ कॅमेऱ्यांत एकाच यादींत असतात, व बोट चुकण्यास वेळ लागत नाहीं. शिवाय लहान कॅमेऱ्यांपैकीं कित्येकांच्या पोटांतहि थोडीशी जागा असते. कार्ड आंत नसतांना काढलेलीं चित्रें तेथें साठतात, आणि कार्ड घातलें कीं तीं दिसेनाशीं होतात. जपानच्या कॅमेरा उत्पादकांच्या संघाच्या आंकड्यांप्रमाणें २०१० सालीं १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारांत गेले; २०२० सालीं ही संख्या एक कोटीच्याहि खालीं आली, कारण मधल्या काळांत चित्रें काढण्याचें काम फोननें उचललें. तेव्हां त्या सुकाळाच्या वर्षांतील एखादा कॅमेरा पुष्कळ घरांतून आज कपाटांत पडलेला असणार. तो नातीस खेळावयास देण्यापूर्वीं कार्ड बाहेर काढून एकवार त्याच्या पोटांत पाहावें. जी आजी आज घरांत नाहीं, तिचें तुळशीपाशीं काढलेलें एखादें चित्र तेथें निघण्याचा संभव असतो. आणि कार्ड न घालतां 'फॉर्मॅट' म्हटलें, तर नेमकी तीच जागा पुसली जाते.

एवढें सांभाळूनहि कोणाच्या हातून कार्ड पुसलें गेलेंच, तर रागें भरण्याआधीं एक गोष्ट करावी: त्या कार्डावर पुढें एकहि नवें चित्र काढूं नये. साध्या फॉर्मॅटनें बहुधा यादी पुसली जाते, मजकूर लागलीच जात नाहीं. जणुं पोथीची अनुक्रमणिका फाडली, पानें तशींच राहिलीं. नवीं चित्रें त्या पानांवर लिहिलीं जाण्यापूर्वीं संगणकावरील परतप्राप्तीच्या साधनांनीं जुनीं पुष्कळदां निघूं शकतात. निघतीलच असें मात्र नाहीं.

चित्रांच्या खालोखाल जपावयाची गोष्ट म्हणजे तारीख. प्रत्येक डिजिटल चित्राच्या पोटांत तें केव्हां काढलें, कोणत्या मापानें काढलें, अशी एक टांचणी कॅमेरा आपण होऊन लिहितो. या टांचणीचा एक्झिफ नांवाचा नमुना जपानमध्यें १९९५ सालीं ठरला, व आज सर्व कंपन्या तोच पाळतात. फोन असो वा संगणक असो, चित्रांचा क्रम तो याच टांचणीवरून लावितो. कॅमेऱ्याचें घड्याळ चालविण्यासाठीं आंत एक लहानसा घट असतो, आणि तो मोठ्या बॅटरीवर भरतो. कित्येक कॅमेऱ्यांत मोठी बॅटरी दोन-तीन दिवस आंत राहिली कीं हा घट भरतो, व ती काढल्यानंतर महिना ते तीन महिने घड्याळ चालवितो. पुढें तो रिता झाला कीं घड्याळ थांबतें. वर्षांनंतर कपाटांतून काढलेला कॅमेरा प्रथम तारीखच विचारतो. आणि आपण घाईंत, पाहुणे खोळंबले आहेत म्हणून, नुसतें 'ओके' दाबून मोकळे होतों. त्या क्षणापासून काढलेलें प्रत्येक चित्र कोणत्या तरी जुन्या सालच्या १ जानेवारीला काढलें गेलें, अशी खोटी साक्ष कायमची लिहिली जाते. आणखी पंधरा-वीस वर्षांनीं आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचीं चित्रें नातवाच्या बारशाच्या आधीं येऊन बसतील, व त्यांचा क्रम सांगणारें तेव्हां घरांत कोणी नसेल. ज्या घराण्यांतून कुलवृत्तान्त छापण्याची हौस आहे, त्यांस या खोट्या साक्षीचें गांभीर्य निराळें सांगावयास नको.

मूळ ठेवण आणतांना तारीख राहते कीं जाते, हें कंपनीगणिक बदलतें. निकॉनच्या नव्या कॅमेऱ्यांतील 'रीसेट ऑल सेटिंग्ज' भाषा, तारीख व देशाची वेळ यांस हात लावीत नाहीं. फुजीफिल्मचा सामान्य 'रीसेट'हि तारीख तशीच ठेवितो. परंतु या आश्वासनावर विसंबूं नये. उपाय झाल्याबरोबर तारीख, साल व वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेशीं व घड्याळाशीं ताडून पाहावी, आणि देशाची वेळहि पाहावी. न्यूयॉर्कहून लग्नासाठीं आलेल्या भाच्याचा कॅमेरा हिवाळ्यांत आपल्याहून साडेदहा तास मागें चालतो. सकाळीं साडेनऊच्या मुहूर्ताचीं त्याचीं चित्रें आदल्या रात्रीं अकरा वाजतांचीं म्हणून नोंदलीं जातात, आणि सर्वांचीं चित्रें एकत्र केलीं कीं अक्षता पडण्याचा सोहळा सीमान्तपूजनाच्या रात्रींत मिसळतो!

भाषेविषयीं एक शब्द. लहान मुलें मेनूंत हिंडतां हिंडतां भाषा जपानी किंवा चिनी करून ठेवितात, व मग घरांत एकच तारांबळ उडते. मूळ ठेवण आणल्यानें भाषा पुष्कळदां बदलत नाहीं, हें वर आलेंच आहे. पान्याच्या चित्राखालील यादी उघडून 'लँग्वेज' हा शब्द रोमन अक्षरांत कोठें आहे तें शोधावें. बहुतेक कॅमेऱ्यांत तो कोणत्याहि भाषेंत तसाच लिहिलेला असतो. अशा प्रसंगीं मुलास मारूं नये. त्यासच शोधावयास सांगावें. ज्या वाटेनें तें गेलें ती वाट त्याच्याच बोटांस ठाऊक असते.

आतांपर्यंत मूळ ठेवणीचे गुण सांगितले. ती सर्वोत्तम ठेवण आहे, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. कारखान्यांत बसलेल्या मनुष्यास आमचें घर ठाऊक नसतें. त्यानें एक सर्वसाधारण हात, सर्वसाधारण उजेड व सर्वसाधारण प्रसंग कल्पून ती ठरविलेली असते. आमच्या देवघरांत समईच्या उजेडांत बसलेल्या मूर्ती त्या कल्पनेंत येत नाहींत. मूळ ठेवणींतल्या कॅमेऱ्यास तो अंधार खपत नाहीं. तो फ्लॅशची वीज पाडतो, किंवा काळोख उजळून राखाडी करितो, आणि ज्योतीचा सोनेरी रंग दोष समजून पुसूं पाहतो. येथें फ्लॅश बंद करावा, अधिक-उणें माप एक पायरी खालीं आणावें, आणि व्हाइट बॅलन्स उन्हाच्या खुणेवर ठेवावा. मग देवघर डोळ्यांस दिसतें तसेंच चित्रांत उतरतें. उलट, पांढरीं धोतरें व उपरणीं नेसलेल्या मंडळींचा समूह असेल, तर कॅमेरा त्यांचा शुभ्रपणा मळकट करूं पाहतो, कारण सरासरीनें सर्व जग मध्यम राखाडी असतें असें त्याचें गणित आहे. तेथें तेंच माप अर्धी-एक पायरी वर न्यावें लागतें.

म्हणजे प्रत्येक घराची आपली अशी एक ठेवण असते, ती अनुभवानें सिद्ध होते, आणि 'रीसेट' म्हटल्याबरोबर नाहींशीहि होते. म्हणून उपाय करण्यापूर्वीं ज्या नोंदी आपल्या उपयोगाच्या आहेत त्या वहींत उतरून घ्याव्या. कंटाळा असेल, तर मेनूचीं पानें दुसऱ्याच्या फोननें टिपून ठेवावीं. कांहीं कॅमेऱ्यांत सर्व नोंदी कार्डावर उतरून ठेवण्याची व पुन्हां चढविण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा. पाककृतींची वही जशी घरांत असते, तशी "समईसाठीं, मुंजीच्या मांडवासाठीं, रात्रीच्या आरतीसाठीं" अशा तीन-चार ओळींची एक चिठ्ठी कॅमेऱ्याच्या पिशवींत ठेविली, तर पुढें जो कोणी तो हातांत घेईल त्यास घराचा अनुभव आयता मिळेल.

कॅमेरा दुसऱ्यास द्यावयाचा असल्यास आणखी दोन गोष्टी पाहाव्या. पुष्कळ कॅमेऱ्यांत मालकाचें नांव लिहून ठेवतां येतें, व तें पुढील प्रत्येक चित्राच्या टांचणींत उमटतें. निकॉनच्या नव्या कॅमेऱ्यांतील संपूर्ण रीसेट हें नांव पुसतो. फुजीफिल्मचा सामान्य रीसेट तें तसेंच राहूं देतो. तेव्हां नांवाची ओळ स्वतः उघडून पाहावी, नाहीं तर कॅमेरा तिऱ्हाइताच्या हातीं गेल्यावरहि चित्रांवर नांव आमचेंच उमटत राहील. दुसरी गोष्ट, घरच्या वायफायचा परवलीचा शब्द कॅमेऱ्यांत राहिलेला असल्यास तोहि काढावा. आणि कार्ड? कार्ड देऊंच नये. पुसलेल्या कार्डांतून चित्रें परत निघूं शकतात हें वर सांगितलें, तें जसें आपल्या उपयोगीं पडतें तसें परक्याच्याहि पडतें.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. घरोघरचीं जुनीं चित्रें चाळून पाहिलीं तर त्यांत एक चमत्कारिक गोष्ट दिसते. ज्या मनुष्याच्या हातीं वर्षानुवर्षें कॅमेरा होता, तो स्वतः कोणत्याच चित्रांत नसतो. त्याचप्रमाणें, मांडवांतलीं चित्रें शेंकड्यांनीं असतात, परंतु मागल्या पडवींत पहांटेपासून पुरण वाटणाऱ्या बायकांचें चित्र एकहि नसतें, कारण ज्यांस कॅमेऱ्यास हात लावण्याची मुभा होती ते तिकडे कधीं गेलेच नाहींत. यंत्र बिघडेल या धास्तीनें आम्ही तें एका हातांत कोंडलें, आणि घराचा अर्धा इतिहास चित्राबाहेर ठेविला. ती धास्ती निराधार आहे, हेंच या लेखाचें तात्पर्य होय. चित्रें दोन जागीं नीट उतरून घेतलीं, खिट्ट्या पाहिल्या, आपल्या नोंदी वहींत टिपल्या, मग मूळ ठेवण आणली, आणि शेवटीं तारीख ताडून पाहिली, कीं दहा हातांनीं केलेले सारे फेरफार पांच मिनिटांत निस्तरतात. हा क्रम घरांतल्या निदान दोघांना तरी पाठ असावा, आणि त्यांतला एकजण विशीच्या आंतला असावा. मग येत्या सणास कॅमेरा काकांनीं सुनेच्या हातीं द्यावा, व आपण सर्वांबरोबर पंगतींत बसावें.